फोकस बसेपर्यंत

पहिला तुकडा इतका सुरेख कापला गेला, की जीवन धास्तावला.

त्याने तो मशीनवरून उचलला आणि खालच्या कडेवरून अंगठा फिरवला. कुठे खरखर नाही, वितळून गोठलेल्या धातूचा एक काटा नाही. कड आरशासारखी. स्टेनलेस स्टीलवर असा काप पहिल्या झटक्यात मिळाला असता, तर एरवी त्याने मशीनपुढे नारळ फोडला असता. आज मात्र त्याने मान वर करून बाहेर पाहिलं. शेडच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर इरा बसली होती. मांडीवर हेल्मेट, हातात चहाचा ग्लास, नजर रस्त्यापलीकडच्या नारळांवर. नमुना पसंत पडला की जाळी कापायची, कापली की बसवायची, आणि बसवली की इरा मुंबईला जायची. एवढं सगळं त्या इवल्याशा तुकड्यावर येऊन ठेपलं होतं.

"झालं का रे?" इराने विचारलं.

"नाही ना," जीवन म्हणाला आणि तुकडा पँटच्या मागच्या खिशात सरकवला. "फोकस बसत नाहीये."

तुकडा अजून पुरता निवला नव्हता, हे त्याला पुढच्याच क्षणी समजलं. पण आता हूं की चूं करायची सोय नव्हती. तो एका पायावर भार देऊन उभा राहिला.

"मग?"

"मग काय. उद्या परत बघू. येशील?"

"येईन की," इरा म्हणाली. "माझी सुट्टी चालू आहे तोवर काय."

चौलच्या फाट्यावर जीवनची ही लेझर कटिंगची शेड होती. वडील मिठागरावर राबले, थोरला भाऊ ट्रकवर गेला, आणि जीवन आयटीआय करून न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात वेल्डिंग करायला लागला. तिथून परत येऊन त्याने हे मशीन टाकलं. इरा नागावची. तिच्या वडिलांची, म्हणजे भाऊंची, नारळ-सुपारीची वाडी होती. शाळेत ती आणि जीवन एका वर्गात होते. आपल्याला तिला काहीतरी सांगायचं आहे, हे जीवनला दहावीतच कळलं होतं. पण तेव्हा परीक्षा होती. नंतर बारावी होती. मग ती शिकायला मुंबईला गेली आणि तिथेच एका शाळेत भूगोल शिकवायला लागली. गेटवेवरून बोटीत बसलं, तर तासाभरात माणूस मांडव्याला उतरतो. पण इरा त्या बोटीत वर्षातून दोनदाच बसायची, गणपतीत आणि दिवाळीत. उरलेलं वर्ष जीवन लोकांच्या बंगल्यांची गेटं कापायचा.

या दिवाळीत ती आली ती माकडांबद्दलच्या भाऊंच्या तक्रारींनी गांजून. भाऊ वाडीत एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आणि माकडांनी पडवीत येणं-जाणं असं सुरू केलं होतं, की जणू घर त्यांचं आणि भाऊ पाहुणे. तेव्हा पडवीला जाळी लावायची ठरली. गज नकोत, असं इराचं म्हणणं. "भाऊंना तुरुंगात ठेवल्यासारखं वाटायला नको." तिने स्वतः चित्र काढलं. सुपारीच्या झावळ्या एकीत एक गुंतलेल्या, आणि मधल्या फटी अशा, की वारा यावा, उजेड यावा, पण माकडाचा हात येऊ नये. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही म्हणून स्टेनलेस स्टील. आणि एवढी नाजूक नक्षी लेझरशिवाय कोण कापणार? त्या हद्दीत लेझर एकट्या जीवनकडे. देव कधी कधी असा छप्पर फाडून देतो.

दुसऱ्या दिवशी इरा आली तेव्हा जीवनने बिघडलेला नमुना तयार ठेवला होता. वाईट कापणं सोपं असेल, असं त्याला वाटलं होतं. पण वाईट कापायलाही अक्कल लागते. फार बिघडवलं तर मशीनच खराब आहे असं दिसायचं आणि ती दुसरीकडे जायची. थोडं बिघडवलं तर "चालेल की" म्हणायची. त्याने बेताबेताने फोकस वर उचलला. वरून नक्षी कापल्यासारखी दिसत होती, आणि पालथं केलं की खालच्या कडेला धातूचे काटेच काटे.

इराने तो हातात घेऊन उलटा-सुलटा केला. "हे वाईट आहे."

"फारच," जीवन अभिमानाने म्हणाला.

"फोकस म्हणजे नक्की काय रे?"

"भिंगाने कधी कागद जाळला होतास?"

"कोणी नाही जाळला?"

"तेच ते. भिंग जवळ धरलं की नुसता उजेड पडतो. लांब नेलं तरी नुसता उजेड. मधे एक जागा असते, तिथे सगळा उजेड एका ठिपक्यात येतो आणि कागद पेटतो. इथे फक्त तो ठिपका पत्र्याच्या वर ठेवायचा, बरोब्बर पत्र्यावर ठेवायचा, का पत्र्याच्या पोटात, ते ठरवायला लागतं. लोखंडाला वेगळं, स्टीलला वेगळं. पातळाला वेगळं, जाडाला वेगळं."

"आणि चुकलं तर?"

"तर वरून सगळं सुटल्यासारखं दिसतं. पण खाली चिकटलेलंच राहतं."

हे बोलताना त्याने मान वर केली नाही. इराने मार्करने त्या तुकड्यावर तारीख घातली आणि तो खिडकीच्या कट्ट्यावर उभा ठेवला.

मग ती रोजच येऊ लागली. तिची स्कूटर फाट्यावरून वळताना सायलेन्सरमधून एकदा फटकारा मारायची. रस्त्यावर दिवसभर गाड्यांची जत्रा असायची, काशीदला जाणारे पर्यटक, मुरूडची एसटी, वीटवाल्यांचे टेम्पो. पण तो एक फटकारा जीवनच्या कानाला बरोबर सापडायचा. मग तो घाईने केसांवरून हात फिरवायचा आणि मशीनकडे तोंड करून, आपण कसे कामात बुडालो आहोत ते दाखवत उभा राहायचा. इरा आधी कालचा तुकडा बघायची, मग आजचा. मग दोघं दारात बसून चहा प्यायची. ती मुंबईतल्या खोलीबद्दल सांगायची. खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची खिडकी. "समुद्र पाच मिनिटांवर आहे, पण ऐकू येत नाही," ती एकदा म्हणाली. "इथे वाडीत झोपलं, की रात्रभर कोणीतरी शेजारी श्वास घेतंय असं वाटतं." जीवनला यावर बोलायचं खूप होतं. तो म्हणाला, "बिस्किट घे."

अडचण अशी, की इरा हुशार होती. तुकड्यांची रांग वाढली तशी एके सकाळी ती त्या रांगेसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"जीवन, तू फोकस वर वर नेतोयस, आणि काप वाईट वाईट होतोय. मग खाली नेऊन बघायला नको?"

"खाली?" जीवनला घाम फुटला. "खाली... खाली धोका असतो."

"कसला?"

"खोल जातो ना तो."

"मग जाऊ दे की खोल."

"एकदम नाही जाऊ देत," जीवन कपाळ पुसत म्हणाला. "हळूहळू."

इराने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाली, "बरं. हळूहळू."

जीवनची आई ठमी रोज दुपारी डबा घेऊन शेडवर यायची. पहिल्या दिवशी इरा दिसली तेव्हा ती डबा ठेवून निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिने डब्यात एक भाकरी जास्त टाकली. तिसऱ्या दिवसापासून सुकटही जास्त येऊ लागली, आणि इरा ती बोटं चाटून खाऊ लागली. पण इरा गेल्यावर ठमीने लेकाला गाठलंच.

"आरं जीवना, ती पोर रोज येते, आन तुझी मशीन रोज बिघरते. मना काय समजत न्हाय व्हय?"

"काय नाय गं आई. फोकस बसत नाय."

"कोनाचा?" ठमी म्हणाली. "बग बाबा. ती वाडीवाल्याची पोर. आपुन मिठागरातली मानसं. बोलायचा हाय तं बोलून टाक, न्हाय तं तिची जाली कापून दे. उगा पोरीला हेलपाटे घालू नको."

जीवनने मान हलवली, आणि संध्याकाळी दुसऱ्या दिवशीसाठी आणखी एक तुकडा बिघडवला.

इकडे पडवी उघडीच होती, आणि माकडं काही फोकस बसायची वाट बघत थांबली नव्हती. त्यांनी आधी दिवाळीचे लाडू नेले. मग भाऊंचा चष्मा नेला. तो सुपारीच्या शेंड्यावर एका माकडाच्या नाकावर दोन दिवस दिसत होता. इराची सुट्टी संपत आली तेव्हा तिने बॅग भरायला काढली, आणि त्याच सकाळी जीवनचा फोन वाजला.

"जीवन्या!" पलीकडून भाऊ ओरडत होते. "फोकफ बफला का रे तुझा?"

"काय झालं भाऊ? नीट ऐकू येत नाही."

"दात! माझे वरचे दात नेले माकडानं! खिडकीत वाटीत ठेवले होते. आता फांदीवर बफून मलाच दाखवतंय!"

नवी कवळी अलिबागला करायला टाकली. ती येईपर्यंत म्हाताऱ्याला पेज करून घालणारं कोणीतरी हवं. इराने शाळेत फोन करून रजा वाढवली आणि स्कूटरवरून शेडवर येऊन तसं सांगितलं. जीवनने चेहरा फार वाईट वाटल्यासारखा केला. ती गेल्यावर त्याने शेडचं दार लावलं आणि मशीनच्या गॅसच्या टाकीला मिठी मारली.

पण सुख असं फुकट टिकत नाही. आठवडा उलटायच्या आत भाऊ काठी घेऊन माकडामागे धावले आणि अंगणात वाळत घातलेल्या सुपारीवरून पाय घसरून पडले. इराने पहिला फोन जीवनला केला. पहिला फोन आपल्याला आला, याचा त्याला आनंद झाला. आणि तो झाला याची इतकी शरम वाटली, की शेडला कुलूप न लावताच तो गाडी काढून निघाला. हाड मोडलं नव्हतं. पाय मुरगळला होता आणि भोपळ्याएवढा सुजला होता. डॉक्टरकडून परत येताना मागच्या सीटवर भाऊ इराच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले. आरशात जीवनला त्यांचं बोळकं तोंड दिसत होतं. आपण या म्हाताऱ्याचे लाडू, चष्मा, दात आणि आता पाय, असं सगळं एका मुलीच्या स्कूटरच्या आवाजापायी घालवलं, असं त्याला वाटलं. त्याने मनाशी ठरवलं, बस झालं. आज जाळी कापायची.

दोघांना घरी सोडून तो तडक शेडवर आला. अख्खा पत्रा मशीनवर चढवला. पहिल्या दिवशीचा आकडा त्याला पाठ होता. फोकस पत्र्याच्या पोटात, बरोबर तिथेच. त्याने बटण दाबलं आणि डोळे मिटले.

फडफड असा घाणेरडा आवाज आला. डोळे उघडून बघतो, तर ठिणग्या खाली जायच्या ऐवजी वर उडत होत्या. काप अर्धवट, काटे बोटभर. त्याने फोकस आणखी खाली नेला. पहिली झावळी बरी निघाली, दुसरी बिघडली, तिसरी चिकटून बसली. वर आणला, तर त्याहून वाईट. जो आकडा त्याने इतके दिवस लपवला होता, तो आकडा आता त्याला ओळख देईना. पत्रा वाया गेला. दुसरा चढवला, तोही गेला.

तेवढ्यात बाहेर स्कूटरने फटकारा मारला. या वेळी तो केसांवरून हात फिरवायला विसरला.

"भाऊंना झोपवून आले," इरा आत येत म्हणाली. "कापलीस?"

"इरा, आता खरंच बसत नाहीये."

इरा थांबली. "आता खरंच?"

"म्हणजे... आधीही खरंच. आता जास्त खरंच."

इरा म्हणाली, "मशीनच्या कंपनीच्या माणसाला बोलाव."

कंपनीचा माणूस म्हणजे हेतल नावाची एक चटपटीत मुलगी निघाली. पनवेलहून ती दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर आली, आणि मशीनचं डोकं उघडून तिने आतली काच बाहेर काढली. लेन्सवर घाण उडू नये म्हणून लेन्सच्या खाली एक साधी काच असते, ती. हेतलने ती उजेडात धरली.

"आ शुं कर्युं तमे?" ती किंचाळलीच. "अहो, हे काय केलंत? हा ग्लास बघा, पूर्ण काळा! मटेरियल खाली जात नव्हतं ना, ते उलटं वर उडून इथे बसलं. मग ग्लास तापतो, आणि फोकस आपोआप सरकतो. तुम्ही कोणताही नंबर टाका, तो बसणारच नाही."

"पण असं कशाने झालं?" इराने विचारलं.

"खूप दिवस चुकीच्या फोकसवर कटिंग केलं की होतं." हेतल वळली, आणि तिची नजर खिडकीच्या कट्ट्यावर गेली. तिथे इराने तारखा घातलेले तुकडे ओळीने उभे होते. हेतलने एकेक उचलून पाहिला, आणि तिचा चेहरा कौतुकाने उजळला. "हे कोणी कट केले? मस्त आहेत!"

"मस्त?" इरा म्हणाली.

"बघा ना. हा थोडा खराब, हा त्याच्यापेक्षा थोडा जास्त, हा अजून थोडा. एक एक स्टेप वर नेलाय. चुकून असं होतच नाही, कोणीतरी मुद्दाम, एकदम प्रेमाने खराब केलंय. आमच्याकडे ट्रेनिंगला असा सेट लागतो. मी घेऊन जाऊ?"

इराने जीवनकडे पाहिलं. जीवनने मशीनकडे पाहिलं. मशीनचं डोकं उघडं होतं आणि तेही कुठे बघावं ते न सुचल्यासारखं खाली लोंबत होतं.

"सगळे?" इराने हळूच विचारलं.

"पहिला सोडून," जीवन म्हणाला. "पहिला चांगला होता."

"भाऊंचा पाय सुजलाय, जीवन."

"माहिती आहे."

"सांगायचं होतंस ना." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "एक वाक्य सांगायचं होतंस."

तिने हेल्मेट उचललं. हेतल तुकडे छातीशी धरून एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत उभी होती. स्कूटरने वळणावर फटकारा मारला आणि आवाज नागावच्या बाजूने लांब लांब होत गेला.

नवी काच बसली आणि जाळी लोण्यासारखी कापली गेली. जीवनने दोन माणसं नेऊन ती पडवीला बसवली. उन्हं तिरपी झाली तेव्हा झावळ्यांच्या सावल्या पडवीभर पसरल्या, इतक्या देखण्या की कामाला आलेली माणसंही हातातलं टाकून बघत राहिली. इरा आतून चहाचा ट्रे घेऊन आली.

"जीवन, तुम्ही चहा घेणार ना?"

तुम्ही. पहिल्यांदा त्याला वाटलं, तिघांना मिळून म्हणाली असेल. पण मग तिने साखरेचं विचारलं, तेही "तुम्हाला" असंच. एका वर्गात शिकलेल्या मुलीने "तुम्ही" म्हटल्यावर माणसाचं काय होतं, ते ज्याला म्हटलं गेलंय त्यालाच माहीत. जीवनने चहा घेतला. तो गोड होता की फिका, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

दोन दिवसांनी इरा मुंबईला गेली. तो मांडव्याला गेला नाही. शेडच्या दारात उभा राहून त्याने तिकडच्या आभाळाकडे पाहिलं. आता बोटीत चढली असेल, आता धक्का सुटला असेल, आता मागे वळून बघत असेल किंवा नसेल. मग आत जाऊन त्याने कोणाच्या तरी बंगल्याचं गेट कापायला घेतलं. ते सुरेख कापलं गेलं. सगळंच आता सुरेख कापलं जात होतं. पहिल्या झटक्यात. त्या सुरेख कडांकडे बघवत नव्हतं त्याला. फाट्यावर एखादी स्कूटर वळली, की हात आपोआप केसांकडे जायचा आणि अर्ध्या वाटेतून परत यायचा. ठमीने डब्यात एकच भाकरी वाढायला सुरुवात केली. पण एक दिवस चुकून जास्तीची आली, आणि मायलेकांपैकी कोणीच ती खाल्ली नाही.

एका संध्याकाळी जाळीच्या दाराची कडी घट्ट बसते म्हणून भाऊंचा निरोप आला. जीवन तेलाची बाटली घेऊन नागावला गेला. वाडीत शिरला आणि पडवीच्या बाहेरच थबकला. आत खुर्चीत भाऊ बसले होते, नवे दात लावून, पाय स्टुलावर ठेवून. त्यांच्या हातात केळं होतं. जाळीच्या बाहेर तीन माकडं शहाण्या मुलांसारखी बसली होती, आणि भाऊ फटीतून केळ्याचा एकेक तुकडा त्यांना भरवत होते.

"खा रे बाबा. हळू. तुझा नंबर झाला ना? आता त्याला घेऊ दे."

"भाऊ?"

भाऊ दचकले. केळं लपवायला त्यांनी ते सदऱ्याच्या खिशात घातलं, आणि अर्धं बाहेरच राहिलं. त्यांनी जरा वेळ तोऱ्यात बसून बघितलं. मग एकदम ते विझल्यासारखे झाले.

"ये. बस," ते म्हणाले. "कोणाला बोलू नकोस. गणपतीत चष्मा एकदा माकडानं नेला, तर इरा दोन दिवस जास्त राहिली. तेव्हा सुचलं मला. म्हटलं, ही येणार, चार दिवस राहणार, परत जाणार. मग माकडं जरा जास्त यायला लागली तर काय बिघडतं? केळी ठेवायला लागलो."

"आणि लाडू?"

"मीच डबा उघडा ठेवला."

"दात?"

"वाटी मीच खिडकीत ठेवली. पण ते इतक्या लांब नेईल असं नव्हतं वाटलं मला." भाऊंनी पायाकडे बोट केलं. "पाय मात्र खरा हो. त्यात काही लबाडी नाही. पण काय सांगू तुला, तुझा तो फोकस बसत नव्हता ना, ते दिवस फार चांगले गेले. रोज वाटायचं, आज बसतो की काय. देवाला सांगायचो, बसू देऊ नकोस रे त्याचा."

जीवन पायरीवर बसला. "भाऊ, फोकस पहिल्याच दिवशी बसला होता."

भाऊंनी ते समजून घ्यायला वेळ घेतला. मग त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"नालायका!" ते गरजले. माकडं दोन हात मागे सरकली. "मला सांगितलं असतंस, तर माझे दात वाचले असते!"

वाडीत अंधारायला लागलं होतं. समुद्र ऐकू येत होता. एका माकडाने जाळीला हात लावून बघितला आणि काढून घेतला.

"फोन लाव तिला," भाऊ एकदम म्हणाले. "सांग, जाळी हलते. नाहीतर सांग, एका झावळीला गंज धरला. तुझ्या तोंडून खरं वाटेल."

जीवनने फोन काढला. नंबर लावला. वाजत राहिला तेवढ्या वेळात त्याने गंज तयार केला, हलणारी जाळी तयार केली, कडीचं एक कारणही तयार केलं.

"हॅलो?" इराचा आवाज आला. "काय झालं? भाऊ बरे आहेत ना?"

"बरे आहेत."

"मग जाळीचं काही?"

जीवनने जाळीकडे पाहिलं. "जाळी एक नंबर आहे," तो म्हणाला. "हलत नाही, गंजत नाही. माकड आत येत नाही. काही म्हणजे काहीच बिघडलेलं नाही."

"मग?"

भाऊ समोरून हातवारे करत होते. गंज, गंज! जीवनने त्यांच्याकडे पाठ केली.

"मग काही नाही. तरी पण तू ये."

पलीकडे कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला.

"शनिवारी येते," इरा म्हणाली. "पहिल्या बोटीने. मांडव्याला घ्यायला ये. आणि भाऊंना सांग, आता माकडांना केळी घालणं बंद करा. नाक्यावरचा केळीवाला मला विचारत होता, घरी रोज सत्यनारायण असतो का म्हणून."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"आणि तरी रजा वाढवलीस?"

"पहिल्या बोटीला गर्दी असते," इरा घाईने म्हणाली. "वेळेवर ये. ठेवते."

जीवन फोन हातात धरून तसाच उभा राहिला. भाऊंना धीर निघेना. "काय म्हणाली?"

"शनिवारी येते म्हणाली. आणि केळी बंद करा म्हणाली."

भाऊ ओशाळले. पण लगेच त्यांच्या कपाळाला आठी पडली. "गंजाचं तर तू बोलला नाहीस. बिघडलेलं काही नाही, असंच म्हणालास. मग ती येतेय कशाला?"

जीवनने तेलाची बाटली उघडली, परत बंद केली, आणि कडीकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. भाऊंनी नवा चष्मा नाकावर खाली ओढून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. एकदा न्याहाळलं, मग पुन्हा. जाळीबाहेरची तीन माकडं आपल्या नंबराची वाट बघत होती.

मग भाऊंनी खिशातलं केळं काढलं, उरलेली साल नीट सोलली, आणि ते जीवनच्या हातात ठेवलं.

"बस रे," ते म्हणाले. "खा. जायची घाई आहे का?"